शिफारसपत्र कुणाकडून घ्यावं? डॉक्टरी आणि संशोधनाच्या वाटेवर निघालेल्या सोलापूरकर मुलांसाठी

दरवर्षी गणपती जवळ आले की माझ्याकडे तीन-चार मुलं येतात. कुणी सिव्हिलमध्ये इंटर्नशिप करत असतं, कुणी कुंभारीहून एमबीबीएस होऊन आलेलं, कुणी केगावच्या विद्यापीठातून एमएस्सी केलेलं. चहा होईपर्यंत घरची विचारपूस होते आणि मग पिशवीतून फाईल निघते. "मॅडम, एलओआर कुणाचं घेऊ?" एलओआर म्हणजे शिफारसपत्र. या प्रश्नापाठोपाठ येणारं वाक्य मला आता पाठ झालंय: "मोठ्या सरांचं मिळेल, बाबांच्या ओळखीचे आहेत."

या एका वाक्यापायी मुलांचं अख्खं वर्ष जातं, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी याच शहरात शिकले, पुढे संशोधनात डॉक्टरेट केली, आता शिकवते आणि दरवर्षी आठ-दहा पत्रं स्वतः लिहिते. माझ्या पहिल्या अर्जाच्या वेळी मीही एका फार मोठ्या नावाकडे गेले होते. त्यांच्या हाताखाली मी एक दिवसही काम केलेलं नव्हतं. त्यांची लेक्चरं ऐकली होती, एवढीच ओळख. चार ओळींचं पत्र टाईप होऊन आलं आणि त्यात दोन ठिकाणी माझा उल्लेख पुरुष म्हणून होता. आधीच्या कुणा मुलाच्या पत्रात फक्त नाव बदललेलं होतं. दुरुस्त करून मागायची हिंमत झाली नाही, तसंच पाठवलं. त्या वर्षी मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. सगळा दोष त्या पत्राचा असं मी म्हणत नाही. पण ते वाचून समोरच्या माणसाला माझ्याबद्दल काय कळणार होतं?

आधी अर्ज कशाचा, ते नक्की करा

पत्र कुणाचं घ्यायचं हे अर्ज कशासाठी आहे त्यावर ठरतं, आणि इथेच बरीच मुलं गोंधळलेली असतात. डॉक्टरी आणि संशोधन अशा दोन्ही पदव्या एकत्र देणारा अमेरिकेतला एमडी-पीएचडी अभ्यासक्रम साधारण आठ वर्षांचा असतो. 1964 पासून तिथली एनआयएच ही सरकारी संस्था त्यासाठी विद्यापीठांना पैसा देते, पण तो पैसा अमेरिकी नागरिक आणि तिथले कायम रहिवासी यांच्यासाठीच असतो. शिवाय तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं आधीचं थोडंफार शिक्षण अमेरिका किंवा कॅनडात झालेलं मागतात. त्यामुळे सोलापुरात एमबीबीएस करून थेट त्या रांगेत उभं राहणं जवळपास अशक्य आहे. हे आधीच सांगते, म्हणजे कुणी त्या स्वप्नावर क्लासची फी भरणार नाही. तुमची भाची किंवा पुतणी तिकडेच वाढली असेल आणि या अभ्यासक्रमाच्या तयारीत असेल, तर मात्र पुढचं सगळं तिच्याही कामाचं आहे.

आपल्या मुलांच्या खऱ्या वाटा तीन. एमबीबीएस किंवा एमएस्सीनंतर देशात पीएचडी. त्यासाठीची शिष्यवृत्ती देणारी सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेची जेआरएफ परीक्षा एमबीबीएस झालेल्यालाही देता येते, हे अनेकांना माहीतच नसतं. दुसरी वाट परदेशात पीएचडी. तिसरी, परीक्षा देऊन अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे तिथल्या हॉस्पिटलात काम करत घ्यायचं तज्ज्ञ डॉक्टरचं प्रशिक्षण, आणि त्यात जमेल तसं संशोधन.

परदेशी पीएचडीला बहुतेक ठिकाणी तीन पत्रं लागतात. रेसिडेन्सीसाठी ईरास या पोर्टलवरून एका ठिकाणी जास्तीत जास्त चार पाठवता येतात. अमेरिकेतल्या मेडिकल प्रवेशाच्या एएमकॅस या अर्जात दहापर्यंत पत्रं जोडायची सोय आहे, पण प्रत्येक कॉलेज स्वतःचा आकडा सांगतं आणि तोच पाळायचा. तीन मागितली तर तीनच पाठवा. चौथं पत्र कमकुवत असेल तर पहिल्या तिघांचा जोरही कमी होतो.

रेसिडेन्सीला तुम्हाला पेशंटसमोर पाहिलेला माणूस हवा. पीएचडीला तुम्हाला प्रयोगात, डेटात, फसलेल्या कामात पाहिलेला माणूस हवा. एमडी-पीएचडीला दोन्ही हवेत, आणि तिथे एक बारीक गोष्ट फार पाहिली जाते: अर्जात जिथे जिथे मोठं संशोधन केल्याचं लिहिलंय, तिथल्या प्रत्येक मार्गदर्शकाचं पत्र असावं अशी अपेक्षा असते. एकाचं नसेल तर वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, तिथे काय बिनसलं?

ज्यांनी तुमची चूक पाहिलीय, त्यांच्याकडे जा

माझं सगळं म्हणणं या एका ओळीत आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

काही वर्षांपूर्वी एमबीबीएसच्या एका मुलीने पीएसएमच्या, म्हणजे सार्वजनिक आरोग्य शिकवणाऱ्या विभागाच्या, सरांकडे छोटा प्रकल्प घेतला होता. विषय होता विड्या वळणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांची ताकद. कुंभारीला गोदूताई परुळेकर विडी घरकुल आहे, दहा हजार घरांची वसाहत. पीक फ्लो मीटर नावाचं नळीसारखं साधं उपकरण घेऊन ती तिथे जायची. खोल श्वास घेऊन त्यात जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. सकाळी बायका वळलेल्या विड्या जमा करायला कारखान्यात गेलेल्या असायच्या, म्हणून ती दुपारी जायची. निम्म्या बायका घरात तेलुगू बोलणाऱ्या. हिचं तेलुगू "बागुन्नारा" (बरे आहात ना?) याच्या पुढे जात नव्हतं, मग वर्गातल्या एका मित्राच्या आईकडून तिने प्रश्नावली तेलुगूत करून घेतली.

एके रात्री आकडे एक्सेलमध्ये भरताना तिच्या लक्षात आलं की पहिल्या बावीस बायकांचं माप तिने त्या बसलेल्या असताना घेतलं होतं. सूप मांडीवर तसंच, पानं बाजूला, आणि बसल्या बसल्या फुंकलेलं. पुढच्या सगळ्यांचं माप उभं करून घेतलेलं. बसून फुंकलं की आकडा थोडा कमी येऊ शकतो, म्हणजे दोन्ही गट एका रांगेत ठेवता येत नव्हते. हे फक्त तिलाच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती सरांच्या केबिनसमोर अर्धा तास उभी होती. मला म्हणाली, "मॅडम, सांगायचं भ्या वाटतंय." शेवटी आत जाऊन सांगितलं. सरांनी भरपूर झापलं. मग म्हणाले, बावीसच्या बावीस बायकांकडे परत जा. ती गेली. त्यातल्या तीन जणी भेटल्या नाहीत, तर त्या तिघींना तिने यादीतून काढलं आणि का काढलं ते अहवालात लिहिलं.

पत्राची वेळ आली तेव्हा ती त्या सरांचं नाव टाळत होती. "त्यांनी मला किती बोललंय, ते काय चांगलं लिहिणार?" मी तिला हट्टाने त्यांच्याकडेच पाठवलं. सर माझे जुने सहकारी; पत्रात काय लिहिलं ते त्यांनी नंतर मला सांगितलं. ती हुशार आहे, कष्टाळू आहे असं एकही वाक्य त्यात नव्हतं. बावीस मापांची ही हकीकत होती, सविस्तर, तारखांसकट. आपल्याला ही चूक सापडली नसती, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहिलं होतं.

आपल्याकडचं नेहमीचं पत्र याच्या शेजारी ठेवून बघा: "सदर विद्यार्थी होतकरू, वक्तशीर व आज्ञाधारक असून त्याचे चारित्र्य उत्तम आहे." हा झाला शाळा सोडताना मिळणारा चारित्र्याचा दाखला. संशोधनाच्या प्रवेशाला आज्ञाधारकपणा विचारत नाहीत. तिथे विचारतात की प्रश्न हिचा स्वतःचा होता की गाईडने दिलेला. काम अडलं तेव्हा हिने काय केलं. आलेला आकडा आवडला नाही तर हिने तो बदलला का. बरोबरीच्या मुलांमध्ये ही कुठे बसते. याची उत्तरं देऊ शकणारा माणूस तुमच्या शेजारी उभा राहिलेलाच असावा लागतो.

म्हणून कागदावर आधी नावं लिहू नका, प्रसंग लिहा. गेल्या दोन-तीन वर्षांत कुठे अडलात, कुठे चुकलात, कुठे रात्री जागलात, कुठल्या पेशंटपाशी थांबलात. प्रत्येक प्रसंगासमोर लिहा: तेव्हा तिथे कोण होतं? एकच नाव दोनदा-तीनदा आलं की तुमचं पहिलं पत्र कुणाचं ते ठरलं.

तीन पत्रांत कोण कोण

पहिलं नाव संशोधनाच्या गाईडचं. यात तडजोड नाही. एमबीबीएसला असताना एसटीएस या, वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) विद्यार्थ्यांसाठीच्या योजनेखाली प्रकल्प केला असेल तर ते गाईड. 1979 पासून चालत आलेली ही योजना आहे आणि दोन महिन्यांचं कामसुद्धा नीट केलेलं असेल तर पत्रापुरतं पुष्कळ होतं. एमएस्सीवाल्यांना डिझर्टेशनचे गाईड. जीवशास्त्राच्या मुलांनी केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र विसरू नये. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर तिथल्या शास्त्रज्ञांसोबत एक उन्हाळा घालवलेल्या मुलाला, "मी सोलापूरचा, माझ्याकडे संशोधन कुठलं," असं म्हणायची वेळ येत नाही.

दुसरं नाव शक्यतो सोलापूरबाहेरच्या प्रयोगशाळेचं असावं. पुण्यात विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर ही संस्था आहे, पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे, विषाणूंची एनआयव्ही आहे, आणि सकाळी हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की दुपारच्या आत तुम्ही तिथे असता. तीन महिने जाऊन काम केलंत तर दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या माणसांनी तुम्हाला पाहिलेलं असतं, आणि दोघंही तेच सांगत असले की त्याचं वजन फार वाढतं. इथे एक अडचण हमखास येते. अशा ठिकाणी रोजचं काम शिकवतो तो पीएचडी करणारा दादा किंवा पीएचडी होऊन पुढचं संशोधन करणारी पोस्टडॉक ताई. मुख्य शास्त्रज्ञ आठवड्यातून एकदा भेटतात. मग पत्र कुणाचं? दोघांचं मिळून. ज्याने रोज पाहिलं त्याने मजकूर लिहावा, प्रमुखांनी त्यात स्वतःचं निरीक्षण घालावं, आणि खाली दोघांच्या सह्या. ही पद्धत बहुतेक ठिकाणी चालते. आपल्या कॉलेजातही असिस्टंट प्रोफेसर आणि एचओडी यांच्या बाबतीत हाच मार्ग काढता येतो, आणि त्यात कुणाचा मानही दुखावत नाही.

तिसरं पत्र वॉर्डातलं. इंटर्नशिपच्या बारा महिन्यांत ज्या युनिटला तुम्ही खरोखर राबलात, तिथल्या युनिट हेडचं. इथेही नावापेक्षा आठवण मोलाची. पोस्टिंग संपल्यावर दोन वर्षांनी गेलात तर सरांना चेहरा आठवेल, काम आठवणार नाही. आपल्या सिव्हिलच्या ओपीडीत अक्कलकोट-मंगळवेढ्यापासून पलीकडे विजापूर-कलबुर्गीकडची माणसं येतात. त्या गर्दीतून किती इंटर्न येऊन गेले, त्यांनी कुणाकुणाला लक्षात ठेवायचं? पोस्टिंगच्या शेवटच्या आठवड्यातच भेटून सांगून ठेवा: सर, पुढच्या वर्षी मी अर्ज करणार आहे, तेव्हा येईन. देशातल्या पीएचडीला हे तिसरं पत्र बहुधा लागत नाही, पण माणूस हाताशी असलेला बरा.

कुणाकडे जाऊ नये

आमदार-खासदार, ट्रस्टचे अध्यक्ष, वडिलांचे मित्र असलेले हॉस्पिटलचे मालक, नीटच्या क्लासचे सर, नात्यातले डॉक्टर काका. नात्यातल्या माणसाचं पत्र तर मुळीच घेऊ नका, आडनाव वेगळं असलं तरी. मुलाखतीत सहज विचारलं जातं, "यांना कसे ओळखता?", आणि तिथे तुम्ही खोटं बोलणार नाही अशीच माझी अपेक्षा आहे.

डीनचं पत्र घरच्या लोकांना फार हवं असतं. डीन स्वतः तुमचे गाईड असतील तर जरूर घ्या. एरवी त्यांच्या सहीची जागा बोनाफाइडवर आहे, तिथे ती घेऊन ठेवा.

आणि ज्यांनी "बघू" म्हटलं ते. आपल्याकडे कुणी तोंडावर नाही म्हणत नाही, "बघू" म्हणतात. हा नकार समजा, आभार माना आणि दुसरा माणूस शोधा. तिथे चकरा मारून मिळवलेलं पत्र कोमटच निघतं.

मागायचं कसं

पहिल्यांदा प्रत्यक्ष भेटून मागा. व्हॉट्सॲपवर "सर एलओआर पाहिजे होता" असा मेसेज टाकू नका. ओपीडी सुरू असताना जाऊ नका, परीक्षेच्या काळात जाऊ नका, आणि इन्स्पेक्शनच्या आठवड्यात तर चुकूनही नको. वेळ मागून घ्या आणि दहा मिनिटांत बोलणं संपवा. शब्द साधारण असे असावेत:

"सर, मी या वर्षी पीएचडीसाठी अर्ज करतेय. तुमच्याकडे मी आठ महिने काम केलं, माझं काम तुम्ही जवळून पाहिलंय. माझ्याबद्दल मनापासून, भक्कम पत्र तुम्हाला लिहिता येईल का? वेळ नसेल किंवा तुम्हाला तसं वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही."

यातला "भक्कम" हा शब्द गाळू नका. नुसतं "पत्र द्याल का" म्हटलं तर कुणीही हो म्हणेल. "भक्कम" म्हटलं की समोरचा क्षणभर विचार करतो, आणि तेवढ्यात तुम्हाला उत्तर कळतं. मला स्वतःला असं विचारणाऱ्या दोन मुलांना मी नाही म्हटलंय, कारण त्यांचं काम मी पुरेसं पाहिलेलं नव्हतं. दोघांनाही दुसरी, जास्त जवळची माणसं सापडली.

"तूच लिहून आण, मी सही करतो"

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. सर वाईट नसतात. ओपीडी, लेक्चर, परीक्षांचे पेपर, कोर्टाच्या तारखा, यात त्यांना खरंच वेळ नसतो, आणि त्यांच्या वेळी त्यांच्या सरांनीही हेच केलेलं असतं. पण तुम्ही स्वतः लिहिलेलं पत्र दुसऱ्याच्या सहीने पाठवणं ही फसवणूक आहे, आणि संशोधनाच्या उंबरठ्यावर तिने सुरुवात होऊ नये. व्यवहाराच्या बाजूनेही ते अंगाशी येतं. तिन्ही पत्रांत तीच वाक्यरचना, तीच विशेषणं, आणि अर्जासोबत तुम्ही स्वतःबद्दल लिहिलेल्या निवेदनातही तीच भाषा. रोज शेकडो अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते दिसतं. शिवाय स्वतःबद्दल लिहिताना आपण आपली चूक लिहीत नाही. म्हणजे त्या बावीस मापांची गोष्ट तिने स्वतः लिहिलेल्या पत्रात कधीच आली नसती.

नाही म्हणायचं कसं, हा खरा प्रश्न. मी मुलांना हे शिकवते: "सर, मी मुद्दे आणि तारखा एका पानावर व्यवस्थित लिहून आणते, म्हणजे तुमचा वेळ जाणार नाही. शब्द मात्र तुमचेच हवेत, तिकडे ते फार काटेकोर बघतात." बहुतेक सर ऐकतात. कधी कधी तेच म्हणतात की मी बोलतो, तू टाईप कर. तेही टाळा, विभागातल्या क्लार्कना किंवा सरांच्या हाताखालच्या पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थ्याला विनंती करा. एवढं करूनही सर ऐकत नसतील, तर तुमच्याबद्दल लिहिण्याइतकं त्यांच्याकडे काही नाही असा त्याचा अर्थ घ्या आणि दुसरं नाव बघा.

माहितीचं पान

हे एक पान तुमच्या पत्राचा निम्मा दर्जा ठरवतं. त्यात तुमच्या कौतुकाचा एकही शब्द नको, फक्त आठवण जागी करणारा तपशील. कधीपासून कधीपर्यंत कुठे काम केलं. प्रकल्पाचं नाव आणि त्यातला तुमचा वाटा नेमका किती. दोन-तीन प्रसंग, प्रत्येकी तीन-चार ओळी: "मार्चमध्ये पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची चाचणी) सलग पाच वेळा फसला, शेवटी त्यातला प्रायमर हा डीएनएचा छोटा तुकडा पुन्हा डिझाईन केला, तुम्ही त्या दिवशी लॅबमध्ये होता." कुठे अर्ज करताय, का करताय, शेवटची तारीख. सोबत सीव्ही आणि तुमच्या निवेदनाचा मसुदा. एखाद्या विषयात नापास झाला असाल तर तेही लिहा. सरांना ते माहीत असलं तर ते त्याबद्दल दोन समजुतीच्या ओळी लिहू शकतात, आणि मार्कशीटवर ते दिसणारच असतं.

आणि तिघांना तीन वेगळी पानं द्या. वॉर्डातल्या सरांना पीसीआरचं काय करायचंय? त्यांना तो रात्रीचा पेशंट आठवून द्या, ज्याच्या नातेवाइकांना तुम्ही कन्नडमधून समजावलं होतं.

पोर्टल, ईमेल आणि गोल शिक्का

परदेशी अर्जात पत्र तुमच्या हातात येत नाही. तुम्ही सरांचं नाव आणि ईमेल भरता, त्यांना लिंक जाते, ते थेट अपलोड करतात. एएमकॅसमध्ये प्रत्येक पत्राला आयडी मिळतो आणि एक विनंतीचा फॉर्म निघतो. तो फॉर्म सरांकडे पोहोचवायचा, पत्र अपलोड करताना तो आयडी लागतो. अर्ज भरताना एक चौकोन येतो: हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडतो. अमेरिकेत 1974 च्या एका कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं पाहायचा हक्क दिलाय, आणि तुम्ही तो पत्रापुरता सोडता की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. हक्क सोडा. न सोडलेलं पत्र समिती मनापासून वाचत नाही, कारण लिहिणारा भीड धरून लिहिणार हे उघड आहे. मुलं घाबरतात, "मग आत काय लिहिलंय ते कळणारच नाही?" नाही कळणार. तेवढा विश्वास ज्यांच्यावर नाही, त्यांच्याकडे मागूच नये.

आता आपल्याकडची खास अडचण. कॉलेजातले बहुतेक शिक्षक जीमेल वापरतात, आणि काही विद्यापीठं पत्र लिहिणाऱ्याचा संस्थेचा ईमेल मागतात. सरांना आधीच विचारा. संस्थेचा ईमेल असेल पण पासवर्ड विसरला असेल, तर कार्यालयातून तो सुरू करून घ्यायला आठवडा जातो, कधी जास्तच. संस्थेचा ईमेल नसेलच तर विद्यापीठाच्या प्रवेश विभागाला आधी लिहून विचारा. कॉलेजच्या वेबसाइटवर सरांचं नाव आणि पद दिसत असेल तर त्या पानाची लिंक सोबत द्या.

लेटरहेड हवं, तारीख हवी, सही हवी, नाव आणि पद हवं. जावक क्रमांक आणि गोल शिक्का आपल्या ऑफिसची सवय आहे. तिकडे त्यावाचून काही अडत नाही. तेवढ्यासाठी सरांना चार टेबलं फिरवू नका.

लिंक उघडल्यावर पत्राखेरीज एक तक्ताही असतो: या विद्यार्थ्याला तुम्ही पाहिलेल्यांपैकी वरच्या 1 टक्क्यात, 5 टक्क्यांत, 10 टक्क्यांत, कुठे ठेवाल? आपले काही शिक्षक संकोचाने सगळीकडे "चांगला" एवढ्यावर टिक करतात, काही सगळीकडे पहिल्या रकान्यात. सगळं पहिल्या रकान्यात असलं की वाचणारा त्यावर विश्वास ठेवत नाही. हा तक्ता येणार आहे आणि त्यांच्या मनात आहे तेच भरावं, एवढं सरांना आधी सांगून ठेवा. आणि सर म्हणाले, "लिंक तुला फॉरवर्ड करतो, तूच भर," तर हात जोडून नाही म्हणा. स्कॅन करून देणं, पीडीएफचा आकार कमी करून देणं, एवढी मदत करा. त्यांच्या नावाने लॉगिन कधीही नाही.

तारखा उलट्या मोजा

अमेरिकेतल्या बऱ्याच पीएचडींची मुदत 1 ते 15 डिसेंबरच्या दरम्यान असते. रेसिडेन्सीचे अर्ज सप्टेंबरअखेर पुढे जातात. एएमकॅस मे-जूनमध्ये सुरू होतं, म्हणजे त्याची पत्रं त्याआधीच मागायला हवीत.

डिसेंबरची मुदत धरली तर ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, प्रत्यक्ष भेट. सप्टेंबरमध्ये माहितीचं पान हातात. लिंक ऑक्टोबरमध्ये पाठवा आणि त्याच दिवशी फोन करून सांगा की मेल स्पॅममध्येही बघा. दिवाळीच्या आठवड्यात कुणालाही त्रास देऊ नका. दिवाळी झाली की एक नम्र आठवण, मुदतीच्या दहा दिवस आधी दुसरी. सरांना खरी तारीख सांगा, पण "दहा दिवस आधी झालं तर मी निश्चिंत होईन" असंही सांगा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. हा हिशोब शेवटच्या क्षणाला उपयोगी पडतो, पण त्यावर विसंबू नका.

सरकारी कॉलेजातल्या शिक्षकांची बदली कधीही होते. सर लातूरला किंवा मिरजेला गेले तरी पत्र त्यांचंच घ्या; मात्र ते नव्या पदावरून लिहितील आणि पत्रात "सोलापुरात असताना" असं स्पष्ट येईल, हे बघा. वैयक्तिक मोबाईल नंबर आधीच घेऊन ठेवा. आणि चौथं नाव तयार असू द्या. आजारपण, बदली, घरातलं कार्य, काहीही आड येऊ शकतं.

पत्र गेल्यानंतर

त्याच आठवड्यात आभाराच्या दोन ओळी लिहा. भेटवस्तू निकालाआधी देऊ नका, चादरही नको, शेंगाचटणीही नको. निकालानंतर पेढे घेऊन जा. निकाल काहीही लागो, तो सरांना तुमच्याच तोंडून कळला पाहिजे. हे बहुतेक मुलं विसरतात. नकार आला की तोंड लपवतात, आणि पुढच्या वर्षी त्याच सरांकडे पुन्हा जायची वेळ आली की अवघडतात. एएमकॅससारख्या ठिकाणी गेल्या वर्षीचं पत्र नव्या वर्षी आपोआप येत नाही, ते पुन्हा मागावंच लागतं.

त्या विडी घरकुलवाल्या मुलीला पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आला. शेवटची मेल आली त्याच संध्याकाळी तिने पीएसएमच्या सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, वर्षभर काय करणार? ती म्हणाली, त्याच बायकांची मापं पुन्हा घेते, वर्षानंतरची, सगळ्यांची उभं करून. पुढच्या सप्टेंबरात सरांनी जुनं पत्र उघडलं, वरची तारीख बदलली आणि शेवटी एक परिच्छेद वाढवला.